भाऊ आयसीयूत असताना: मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज नेमका कुठे अडतो

अपघातात जबर जखमी झालेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या उशाशी बसलेल्या माणसाला या अर्जाची आठवण बहुधा बिलाचा पहिला मोठा आकडा हातात पडल्यावर होते. उसनवारी करून बिल भरून टाकायचे आणि अर्ज मागाहून करायचा, असा विचार त्या घाईत अनेक जण करतात. मात्र हा निधी भरून झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती करत नाही. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते, म्हणून रुग्ण दाखल असतानाच अर्ज गेला पाहिजे.

त्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी, कारण त्या योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी हा निधी मिळत नाही. त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि आता पांढरी शिधापत्रिकाही चालते. चौकशी बिलाच्या खिडकीवर न करता आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या या योजनेच्या मदतनिसाकडे, करावी. ‘आमच्याकडे योजना नाही’ हे खिडकीवरचे उत्तर प्रत्येक वेळी खरे असतेच असे नाही.

निधीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांपेक्षा कमी असावे लागते आणि रुग्णालयाची निधीकडे नोंदणी असावी लागते. विहित अर्ज, रुग्णाचे आधार कार्ड, शिधापत्रिका आणि तपासण्यांचे अहवाल हे कागद सहसा अडवत नाहीत.

अडवतो तो उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचाच लागतो, तलाठ्याचा चालत नाही, आणि तो चालू आर्थिक वर्षाचा असावा लागतो. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये नवाकोरा दिसतो, पण त्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली असते. भावंडांच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. धाकटा भाऊ धावपळ करतो, सेतू केंद्रात स्वतःचे आधार कार्ड देतो आणि स्वतःच्या कुटुंबाचा दाखला घेऊन येतो. रुग्णाची शिधापत्रिका विभक्त असेल, तर तो दाखला निरुपयोगी ठरतो. बहीण दाखल असून तिचे लग्न झालेले असेल, तर सासरच्या शिधापत्रिकेवर तिचे नाव चढले आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. अनेकदा ते माहेरच्या कार्डावरून कमी झालेले असते आणि सासरच्या कार्डावर आलेलेच नसते.

अपघाताच्या प्रकरणात एफआयआर किंवा एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेली नोंद) प्रत अनिवार्य आहे. रुग्णाला आधी तालुक्याच्या रुग्णालयात नेऊन मग शहरात हलवले असेल, तर एमएलसीची नोंद बहुधा त्या पहिल्या रुग्णालयात झालेली असते आणि शहरातल्या केसपेपरवर तिचा नुसता क्रमांक असतो. क्रमांक म्हणजे प्रत नव्हे. ती आणायला कुणाला तरी पुन्हा तिथवर जावे लागते, आणि तिथला लिपिक उद्या या म्हणतो तेव्हा उद्याचा दिवस आयसीयूच्या भाड्यासकट मोजला जातो, हे त्याला कोण सांगणार?

खाजगी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. रुग्णालयाचा शिक्का आणि डॉक्टरांची सही त्यावर आधीपासून आहे ना, हे पाहूनच निघावे, नाहीतर दुसरा हेलपाटा ठरलेला.

रुग्णाचा रुग्णालयातला जिओ-टॅग फोटो ही अट ऐकून बहुतेकांना रागच येतो. नळ्या लावलेल्या भावाचा फोटो काढायला हात धजावत नाही, आणि आयसीयूत मोबाइलही नेऊ देत नाहीत. भेटीच्या वेळी ड्यूटीवरच्या सिस्टरला कारण सांगून परवानगी मागावी, फोटो काढण्यापूर्वी फोनचे लोकेशन चालू करावे आणि जागा व तारीख फोटोवर उमटली आहे ना, हे तिथेच तपासावे. साधा फोटो जोडला की अर्ज त्रुटीत निघतो.

सर्व कागद स्पष्ट स्कॅन करून पीडीएफ स्वरूपात पाठवावेत. अडचण आल्यास १८०० १२३ २२११ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातील मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्षात विचारावे.

या कागदांसाठी उशापासून उठावे लागणारच. उठताना संमतीपत्रावर सही करू शकेल असे दुसरे नातेवाईक आयसीयूच्या दाराशी बसवावे, पास त्यांच्याकडे द्यावा आणि आपला मोबाइल क्रमांक सिस्टरच्या वहीत लिहून मगच तहसीलची वाट धरावी.