पपई हातात धरून गोल चालणं: मुंबईतल्या चित्रकारांच्या परफॉर्मन्सची पार्श्वभूमी

मुंबईतला एखादा चित्रकार 'पेंटर आणि परफॉर्मन्स आर्टिस्ट' अशी स्वतःची ओळख करून देतो तेव्हा घरच्यांना त्यातलं अर्धंच कळतं. पेंटर समजतं, पुढचं ऐकून काका विचारतात की म्हणजे नाटकात काम करतोस का. नाही म्हटलं तर, मग गातोस का. हा गोंधळ काकांचा एकट्याचा नाही, सरकारचा आहे, पोलिसांचा आहे, आणि खरं सांगायचं तर मराठी भाषेचाही आहे, त्यावर खाली येतोच. तूर्त एवढंच, परफॉर्मन्स आर्ट म्हणजे चित्रकारानं कॅनव्हासऐवजी स्वतःच्या शरीरानं लोकांसमोर केलेली कलाकृती.

जुन्या काळाचं थोडक्यात उरकतो. चित्र दाखवत दाखवत गोष्ट सांगणारे चित्रकथी कुडाळजवळच्या पिंगुळीत आजही आहेत, तेव्हा चित्रकार आणि सादर करणारा माणूस एकच असणं आपल्याकडे नवीन नाही. कोल्हापूरच्या पेंटर मंडळींनी नाटकाचे पडदे रंगवले आणि तिथूनच ते सिनेमात शिरले. फोर्टातली कलाशाळा १८५७ ची, पण तिथे शिकवायचं ते ड्रॉइंग, पेंटिंग, शिल्प, पुढे उपयोजित कला. अंगानं करायची कला तिथे कुणाच्या डोक्यात असायचं कारण नव्हतं. एक गोष्ट मात्र महाराष्ट्रात जोरात चालली आणि अजून चालते ती म्हणजे पोर्ट्रेटचं प्रात्यक्षिक. मॉडेल खुर्चीत, चित्रकार कॅनव्हाससमोर, मागे शंभर लोक श्वास रोखून, आणि दीड-दोन तासांत चेहरा उभा राहिला की टाळ्या. माझ्या मते हा शंभर टक्के परफॉर्मन्स आहे, पण ते करणाऱ्या ज्येष्ठांना तसं म्हणून बघा, चिडतील.

पन्नास-साठच्या दशकात वॉर्डन रोडला एका बंगल्यात चित्रकारांचे स्टुडिओ, नाटकाच्या तालमी आणि सतारीचे धडे हे सगळं एका छपराखाली चालायचं. त्यातले नाटकवाले दिग्दर्शक स्वतः चित्रं काढणारे. तिथे बरीच देवाणघेवाण झाली, पण चित्रकार नाटकाला नेपथ्य करून द्यायचा आणि परत आपल्या कॅनव्हासकडे जायचा, स्वतः मधे उभा राहायचा नाही.

खरी हालचाल मला १९९२ पासून दिसते आणि तीही एकाच इमारतीत. काळा घोड्याच्या जहांगीर गॅलरीत त्या वर्षी देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रकारानं, म्हणजे जो अनवाणी फिरायचा आणि उमेदवारीत सिनेमाची होर्डिंग रंगवायचा त्यानं, हॉलभर पांढरं कापड सोडलं आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे तुकडे पसरले. चित्र एकही नाही. लोक आत येऊन विचारायचे, प्रदर्शन कुठाय? आणि त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर तेव्हा जी खाजगी गॅलरी होती तिथे त्याच वर्षी एका चित्रकर्तीनं थेट भिंतींवर चित्रं काढली आणि मुदत संपल्यावर ती पुसून टाकली. दोघांकडेही विकायला काही नव्हतं. दोघांनी ठरवून केलं असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण चित्रकारांना वस्तूचा कंटाळा आला होता एवढं त्यातून कळतं. ह्याच चित्रकर्तीनं पुढच्या वर्षी एका अभिनेत्रीबरोबर मीडियावर, म्हणजे ग्रीक पुराणातल्या त्या बाईवर, एक प्रयोग केला, तोही काळा घोड्यालाच, जर्मन सांस्कृतिक केंद्रात.

मग डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३. दंगलीत मुंबईत काय झालं ते इथे लिहीत बसत नाही, बिल्डिंगच्या बोर्डावरून लोकांनी स्वतःची आडनावं उतरवली होती एवढं आठवलं तरी पुरे. ऐंशीच्या दशकात माणसांची चित्रं रंगवणारी एक मुस्लिम चित्रकर्ती होती, लंडनला शिकून आलेली. ह्या सगळ्यानंतर तिचं काम पार बदललं. कॅनव्हास मागे पडला, फुटलेली मडकी आली, आरसे आले, गेरू आणि नीळ आली. आणि १९९५ ला नरिमन पॉइंटच्या एनसीपीए ह्या मोठ्या कलाकेंद्राच्या आवारात ती पायात घुंगरू बांधून, हातात अर्धी कापलेली पपई धरून गोल गोल चालत राहिली, तोंड किंकाळी फोडल्यासारखं उघडं पण आवाज नाही. मुंबईत चित्रकला ह्या बाजूला वळली तो क्षण दाखव म्हटलं तर मी हा दाखवेन. पहिला प्रयोग कुणाचा ह्यावर वाद घालणारे आहेत, दिल्लीवाले दिल्लीचं नाव घेतात, घेऊ देत. मला पहिल्या नंबरात रस नाही, चित्र काढणारा हात अपुरा पडला म्हणून अख्खं शरीर पुढे आलं ह्यात आहे. पुढे तिला कॅन्सर झाला आणि १९९९ ला ती गेली, फार लवकर. शेवटच्या वर्षांतल्या कामात ते आजारी शरीरही आलंच.

आता तो शब्दांचा गुंता. ज्या केंद्रात हे झालं त्याच्या इंग्रजी नावातच 'परफॉर्मिंग आर्ट्स' आहे, म्हणजे गाणं, नाच, नाटक. आणि तिथे जे झालं ती 'परफॉर्मन्स आर्ट'. एका 'इंग' चा फरक पण घराणी वेगळी, कारण दुसरी चित्रशिल्पाच्या घरातून आली आहे, तिला पाठांतर नाही, भूमिका असेलच असं नाही, दुसऱ्या दिवशी तसाच खेळ पुन्हा लावायचा असा करार नाही. मराठीत तर आणखी मजा. कुणी 'प्रयोगकला' म्हणतं, कुणी 'सादरीकरण', कुणी 'कृतिकला' म्हणून बघितलं ते काही रुळलं नाही. 'प्रयोग' ह्या आपल्या शब्दात नाटकाचा खेळही येतो आणि लॅबमधलं करून बघणंही येतं, त्यामुळे 'प्रायोगिक नाटकाचा प्रयोग' असं आपण न हसता म्हणतो. मला स्वतःला 'प्रयोग' हा शब्द आवडतो कारण ह्या कलेत दोन्ही अर्थ खरे आहेत. पण तो वापरला की माणूस थेट कायद्याच्या तावडीत जातो आणि इथून पुढे हा नुसता शब्दांचा खेळ राहत नाही.

कारण असं आहे की महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडे, द्यायची, ते सर्टिफिकेट देणार, आणि ह्याचं मूळ १९५१ च्या पोलीस कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत आहे. त्याच्याही मागे इंग्रजांचा १८७६ चा नाटकांवरचा कायदा. १९७२ ला एका गाजलेल्या नाटकावरून मंडळ आणि नाटकवाले ह्यांची मारामारी हायकोर्टात गेली होती, ते बऱ्याच जणांना माहीत आहे. चित्राला मात्र असं काही लागत नाही. चित्र आधी भिंतीवर लागतं आणि मग पोलीस येतात. १९५४ ला जहांगीरमधेच एका तरुण चित्रकाराची प्रेमी युगुलाची चित्रं अश्लील ठरवून ती काढायला सांगितली, त्यानं नाही म्हटलं, अटक झाली, आणि कोर्टात तो सुटला. म्हणजे नाटकावर आधी कात्री, चित्रावर नंतर खटला.

मग चित्रकार स्वतः उभा राहिला तर काय धरायचं? चित्र म्हणून नंतर बघू, की नाटक म्हणून संहिता आणा? संहिताच नाही तर आणणार काय? व्यवहारात ह्याचं उत्तर जागेवरून ठरत आलंय. गॅलरीच्या आत केलं तर ते 'प्रदर्शनाचं उद्घाटन', सहसा कुणी विचारत नाही. फुटपाथवर केलं की पोलीस. त्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोर्टाच्या आदेशानं दक्षिण मुंबईतले मोर्चे आणि निदर्शनं आझाद मैदानापुरती ठेवली गेली, म्हणजे रस्त्यात हातात काहीतरी धरून गप्प उभा राहिलेला माणूस हा आंदोलक असेल तर त्याची जागा मैदानात. तोच माणूस १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोड्याच्या फेस्टिवलमधे तसाच उभा राहिला तर कलाकार, बाजूला सेल्फी. माझं सरळ मत आहे की ह्या फेस्टिवलनं परफॉर्मन्सला गर्दी दिली आणि दात काढून घेतले. पटणार नाही काहींना.

नाटकाच्या संहितेवरच्या त्या आधीच्या कात्रीला चित्रकारांमधूनच मोठं आव्हान मिळालं ते २०१६ ला. एका ज्येष्ठ अभिनेता-दिग्दर्शकानं नाटकाच्या ह्या पूर्वपरीक्षणाविरुद्ध मुंबई हायकोर्टात याचिका केली. लोक त्याला सिनेमातला साधा सरळ नायक म्हणून ओळखतात, पण तो मुळात फोर्टातल्या त्याच कलाशाळेत शिकलेला चित्रकार. २०१९ च्या फेब्रुवारीत हाच माणूस फोर्टातल्या सरकारी आधुनिक कला संग्रहालयात एका दिवंगत चित्रकाराच्या प्रदर्शनात बोलायला उभा होता, संग्रहालयाच्या कारभारावर दोन वाक्यं बोलला आणि भाषणात मधेच त्याला अडवलं गेलं. ते व्हिडिओ सगळीकडे फिरले. शांत उभा राहून 'मी थांबू का' असं विचारणारा चित्रकार, हे बघताना मला तरी प्रदर्शनातल्या चित्रांपेक्षा हेच जास्त लक्षात राहिलं.

पैशाचा भाग राहिला. २००५ ला न्यूयॉर्कच्या लिलावात मुंबईच्याच एका चित्रकाराचं महिषासुराचं चित्र दहा लाख डॉलरच्या वर गेलं आणि त्यानंतर चार-पाच वर्षं कॅनव्हासवर काहीही चिकटवलं तरी विकलं जायचं असा काळ होता. नेमक्या ह्याच वर्षांत काही जण उलट्या बाजूला निघाले. कलाशाळेत शिल्प शिकलेल्या एकानं महापालिकेच्या थाटात स्वतःचंच एक बांधकाम खातं काढलं आणि लोकलला लटकणाऱ्यांसाठी डब्याला अडकवायची जोडणी बनवली, हसून हसून पोट दुखेल आणि मग विरारवाला गप्प होईल अशी. २०१० ला तो मोटरसायकलवरून मुंबईहून शांघायला गेला, सरदार सरोवरापासून चीनच्या थ्री गॉर्जेस धरणापर्यंत विस्थापितांचा धागा धरून. २०१८ मधे तोही वारला.

दुसरा एक, बडोद्याला शिकलेला. आजोबा हौसेनं निसर्गचित्रं काढायचे, त्यांच्यावरून एक 'चित्रकार' नावाचं पात्र उभं केलं, त्याच्या कपड्यात शिरून हा दिवसचे दिवस कोळशानं चित्र काढत बसतो, तिथेच खातो, झोपतो, दाढी करतो. २०१९ ला न्यूयॉर्कच्या सगळ्यात मोठ्या संग्रहालयात त्यानं हे सलग नऊ दिवस केलं. गंमत म्हणजे इथे कॅनव्हास परत आला, प्रात्यक्षिकही परत आलं, फक्त दीड तासाचं नऊ दिवस झालं.

१८७६ चा तो कायदा केंद्रानं २०१८ च्या सुरुवातीला रद्द केला. त्यावरून सगळं सुटलं असं काहींना वाटलं, पण राज्याचे नियम १९५१ च्या कायद्याखालचे, ते त्यानं सुटत नाहीत. त्यामुळे उद्या कुणी रंगमंचावर तो १९९५ चा प्रयोग पुन्हा करायचा ठरवला आणि खिडकीवरच्या बाबूनं संहिता मागितली, तर कागदावर येणार एकच ओळ, 'एक बाई अर्धी पपई घेऊन गोल चालते, बोलत नाही'. आता ह्यातला कुठला शब्द कापायचा ते त्यानंच सांगावं.