लघुग्रहाला ‘कोल्हापूर’ नाव द्यायचंय? अर्ज कुणी आणि कधी करायचा

पन्हाळ्यावर आकाशदर्शनाला गेलं की कुणीतरी विचारतंच, “लघुग्रहाला नाव द्यायला किती पैसे पडतात?” एक रुपयाही नाही. पैसे घेऊन फ्रेमबंद प्रमाणपत्र देणारे भेटतील, पण आंतरराष्ट्रीय खगोल संघ तो कागद मानत नाही.

नाव सुचवायचा हक्क शोधकाचा, तोही लघुग्रहाला कायमचा क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षं. शाळा-कॉलेजच्या पोरांना सोपी वाट म्हणजे आयएएससी (इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन) या संस्थेची मोफत शोधमोहीम. हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो येतात, त्यातला सरकणारा ठिपका हुडकायचा.

ठिपका नवा निघाला की तात्पुरतं नाव मिळतं. पंडित जसराजांच्या लघुग्रहाचं होतं २००६ व्हीपी३२. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. आय सोडून मोजलं तर पी पंधरावं अक्षर. ३२ म्हणजे पंचवीस अक्षरांच्या बत्तीस फेऱ्या झाल्यावरचं. म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदलेला ८१५वा! पुढं क्रमांक मिळाला ३००१२८ आणि पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३०चा. क्रमांकातले आकडे दोन-दोनच्या जोडीनं उलटीकडून वाचून बघा. नाव मात्र २०१९ला लागलं.

एवढा वेळ जातो तो कक्षेपायी. मंगळ आणि गुरूमधल्या पट्ट्यातल्या लघुग्रहाला पृथ्वी साधारण पंधरा-सोळा महिन्यांनी गाठते, म्हणजे सूर्य आणि लघुग्रहाच्या मध्ये येते. हीच प्रतियुती. सहसा अशा चार प्रतियुतींची मोजमापं जमल्याशिवाय क्रमांक मिळत नाही. प्रतियुती जुलैत आली तर आपल्याकडं नुसता पाऊस. पण घाबरू नका, जगातल्या कुठल्याही मान्य वेधशाळेची मोजमापं चालतात.

कागदपत्रं? आधार नको, स्टॅम्पपेपर नको. कक्षा हाच सातबारा. स्वतःच्या दुर्बिणीतून वेध घेणार असाल तर लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडून वेधशाळेचा कोड घ्यावा लागतो. क्रमांक मिळाल्यावर शोधकानं रोमन लिपीतलं नाव आणि ते का सुचवलं याच्या दोन-चार ओळी पाठवायच्या.

नाव सोळा अक्षरांच्या आत, शक्यतो एकच शब्द, आधीच्या नावासारखं नको. कंपनी, ब्रँड चालत नाही. लाडक्या कुत्र्याचं नाव सुचवू नये. राजकारणी किंवा लष्करी व्यक्ती असेल तर निधनाला शंभर वर्षं झालेली हवीत. त्यामुळं आमदारांच्या कार्यकर्त्यांनी थांबावं. शाहू महाराजांचं निधन ६ मे १९२२चं, म्हणजे ती अट पुरी झाली. इंग्रजीत ‘राजर्षिशाहू’ जोडून लिहिलं तर तेरा अक्षरं होतात. ‘कोल्हापूर’ आठातच बसतं.

खगोल संघाची नामकरण समिती मतदान करते. पसंत पडलं तर नाव तिच्या बुलेटिनमध्ये छापून येतं आणि तिथूनच ते अधिकृत होतं.