विमानाची खिडकी, अजिंक्यतारा आणि मधली हवा

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन दिल्लीला गेले होते. जाताना रेल्वेने गेलो, येताना मुद्दाम विमानाची तिकिटं काढली. सत्तरी ओलांडलेल्या आईचा हा पहिलाच विमानप्रवास, म्हणून खिडकीची जागा तिची. तिला एकच गोष्ट बघायची होती, मुंबईतले ते उंचच उंच टॉवर वरून कसे दिसतात. सकाळचे साडेआठ वाजले असतील. विमान खाली यायला लागलं तशी ती काचेला कपाळ टेकवून बसली. खाली मात्र मातकट, करड्या रंगाची एक सपाट चादर पसरलेली होती. विमान वळलं आणि त्या चादरीतून पंधरावीस इमारतींची फक्त टोकं वर आलेली दिसली. खालचे मजले गायब. 2019 च्या पुरात कृष्णाकाठी पाण्याबाहेर नुसते विजेच्या खांबांचे शेंडे दिसत होते, तसं काहीसं.

आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, थंडीत आपल्या किल्ल्यावरनं सातारा दिसतो, तसंच हाय की हे."

मी साताऱ्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. हे नातं मला सुचायला हवं होतं, पण सुचलं तिला. ती वर्षानुवर्षं मंगळाईच्या दर्शनाला अजिंक्यताऱ्यावर चढत आली आहे, तिने ते शेकडो वेळा पाहिलंय. आणि तिचं म्हणणं अगदी तंतोतंत बरोबर आहे.

डिसेंबर-जानेवारीत उजाडायच्या वेळी किल्ल्याच्या उत्तरेकडच्या तटावर उभं राहा. खाली कुठेतरी कुणीतरी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवलेला असतो. त्याचा धूर सरळ काठीसारखा वर चढतो, आणि एका ठरावीक उंचीवर आला की छताला टेकल्यासारखा आडवा पसरायला लागतो. शेजारच्या बंबाचा धूरही नेमका तिथेच अडतो. हळूहळू राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत सगळ्या गावावर एक घोंगडी पांघरली जाते. तिची वरची कड इतकी सरळ असते की पट्टीने आखावी. आपण त्या कडेच्या वर, स्वच्छ उन्हात; गाव तिच्या खाली.

एरवी हवेत वर जावं तसं गार होत जातं, दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश. खालची गरम हवा हलकी, ती वर जाते, सोबत धूरही नेते. थंडीतल्या निरभ्र रात्री मात्र जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा जास्त गार होते. डोंगरउतारावरची गार हवाही जड असल्यामुळे घरंगळत खाली येते. साताऱ्याला एका अंगाला अजिंक्यतारा, दुसऱ्या अंगाला यवतेश्वराचा डोंगर, त्यामुळे ती खोलगटात साठतेच. आता खाली गार-जड हवा आणि वर उबदार-हलकी, अशी उलटी रचना झाली. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खालून निघालेला धूर वरच्या उबदार थराशी पोचतो तेव्हा आजूबाजूपेक्षा हलका राहत नाही, म्हणून तिथेच अडतो. ऊन चढलं, जमीन तापली की हे झाकण उघडतं आणि तोच धूर किलोमीटर-दोन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळला जाऊन विरळ होतो.

मुंबईवर त्या सकाळी हेच झाकण होतं, फक्त बंबाच्या जागी लाखो वाहनं, बांधकामांची धूळ आणि कारखाने. आकडेही गमतीशीर जुळतात. लोअर परळची वर्ल्ड वन ही इमारत 280 मीटर उंच आहे. अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर असला, तरी सातारा शहरापासून तो पावणेतीनशे-तीनशे मीटरच वर आहे. म्हणजे त्या टॉवरच्या गच्चीवरचा माणूस आणि आपल्या किल्ल्याच्या तटावरचा माणूस आपापल्या शहरापासून जवळपास सारख्याच उंचीवर.

आता खरा प्रश्न. हवा पारदर्शक, धुळीचे कण तर डोळ्यांनाही दिसत नाहीत, मग एवढ्या मोठ्या इमारती नाहीशा कशा होतात?

त्या नाहीशा होत नाहीत, आकाशाच्या रंगात मिसळतात. एखादी वस्तू आपल्याला दिसते ती तिच्यात आणि मागच्या पार्श्वभूमीत फरक असतो म्हणून. मधल्या हवेतले कण दोन गोष्टी करतात. इमारतीकडून येणारा थोडा प्रकाश वाटेतच इकडेतिकडे उधळतात, आणि सूर्याचा थोडा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवतात. अंतर वाढेल तशी गडद भिंत फिकट होत जाते आणि शेवटी मागच्या आकाशाइतकीच उजळ होते. हॅराल्ड कोशमीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने 1924 मध्ये हे गणितात मांडलं. फरक शंभरात दोनपर्यंत उतरला की आपला डोळा हार मानतो, असं त्यात धरलेलं आहे.

हे किल्ल्यावरून मोजता येतं. समजा, आजच्या हवेत दर अडीच किलोमीटरला हा फरक निम्मा होतो. सज्जनगड सरळ रेषेत साधारण अकरा किलोमीटर. तिथपर्यंत शंभराचे पन्नास, पंचवीस, साडेबारा, सहा असं होत होत पाचच्या आसपास उरतात. गड दिसेल, पण पुसट. चंदन-वंदन या किल्ल्यांची जोडी साधारण पंचवीस किलोमीटरवर. तिथपर्यंत दहा वेळा निम्मं झालं, म्हणजे शंभरातला जेमतेम 0.1 उरला. जोडी गायब. मधोमध, चौदा किलोमीटरच्या सुमारास, डोळ्याची दोन टक्क्यांची हद्द येते. या अंतराला दृश्यमानता म्हणतात. हवामान निरीक्षक पूर्वापार असंच करत आले आहेत: माहीत असलेल्या अंतरावरचा डोंगर, मनोरा, टाकी दिसते का ते बघून नोंद करायची. विमानतळावर हेच काम यंत्र करतं. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने त्यासाठी बनवलेल्या उपकरणाचं नावच 'दृष्टी' आहे. एका टोकाकडून सोडलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश दुसऱ्या टोकाला पोचला, यावरून ते धावपट्टीवरची दृश्यमानता काढतं.

विमानातून बघताना यात एक भर पडते, ती तिरक्या नजरेची. शहरावर एक किलोमीटर जाडीचा धुरकट थर आहे आणि आपण त्याच्या वर आहोत असं धरा. सरळ खाली बघितलं तर नजर एकच किलोमीटर धुरकटातून जाते. वरच्याच हिशोबाने शंभरातले पंचाहत्तर तरी उरतात, रस्ते आणि मैदानं छान दिसतात. पण क्षितिजाच्या फक्त पाच अंश खाली, दूरच्या इमारतींकडे बघितलं, तर तीच नजर त्याच थरातून साडेअकरा किलोमीटर जाते. उरतात चार. इमारतींची रांग आपल्याला नेहमी अशा तिरक्या नजरेनेच बघायची असते, म्हणून खालची झोपडपट्टी, खाडी, रेल्वेचे रूळ लख्ख आणि दूरचे टॉवर पुसट, असा प्रकार होतो. आईने नेमकं हेच विचारलं होतं, "खालचं दिसतंय आणि लांबचं का न्हाई?"

विमान अकरा किलोमीटर उंचीवर असताना, हवा अगदी स्वच्छ असली तर, क्षितिज पावणेचारशे किलोमीटर लांब असतं. डोळ्याच्या ताकदीलाही मर्यादा आहे: तेवढ्या उंचीवरून साधारण तीन मीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी ओळखू येत नाही. एसटी दिसेल, तिच्या टपावरची पिशवी दिसणार नाही. आणि बसल्या जागेची उंची? केबिनमधला हवेचा दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. महाबळेश्वर 1350 मीटरच्या आसपास, कळसूबाई 1646. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आई महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वरची हवा घेत होती. तिचे कान उगाच दडे बसल्यासारखे होत नव्हते.

पूर्ण धूळमुक्त हवेतसुद्धा नजर अमर्याद जात नाही. हवेचे रेणूही प्रकाश विखुरतात, निळा सगळ्यात जास्त. हे लॉर्ड रॅलेने 1871 मध्ये दाखवलं. त्यामुळेच किल्ल्यावरून सह्याद्रीची पहिली रांग हिरवी, मागची निळसर, त्यामागची फिकट निळी दिसते. अशा निव्वळ हवेत समुद्रसपाटीला तीनशेच्या आसपास किलोमीटर दिसू शकतं. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत पंजाबमधल्या जालंधरच्या लोकांना घराच्या गच्चीवरून हिमालयातल्या धौलाधारची बर्फाची रांग दिसली, ती डोंगर जवळ आले म्हणून नव्हे, मधली हवा स्वच्छ झाली म्हणून.

सगळ्यात जास्त घोळ घालतात ते प्रकाशाच्या तरंगलांबीएवढ्याच आकाराचे कण, म्हणजे अर्ध्या मायक्रोमीटरच्या (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे. धुरात नेमके हेच भरलेले असतात. मुंबईत त्यात समुद्रावरची दमट हवा मिसळते. पाणी शोषून हे कण फुगतात, आणखी प्रकाश विखुरतात, आणि चादर पांढुरकी होते. पावसाळ्यात मात्र थेंब हे कण धुऊन खाली आणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत, किल्ल्यावरून जो सातारा दिसतो तो वर्षभरात पुन्हा दिसत नाही. विमानाचं तिकीट निवडता येत असेल तर असे दिवस बघावेत. आणि जागा घेताना सूर्य आपल्या पाठीशी राहील ती बाजू निवडावी. हे कण आलेला प्रकाश जास्त करून पुढच्याच दिशेने ढकलतात, म्हणून सूर्याकडे तोंड केलं की धुरकं डोळ्यांत चमकतं. त्या सकाळी मी आईला नेमकी उन्हाकडची खिडकी दिली होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

रात्री उतरणाऱ्यांना वेगळं शहर दिसतं. जुन्या सोडियमच्या दिव्यांचे पिवळे-नारिंगी रस्ते आणि नव्या एलईडीचे पांढरे. पांढऱ्यातला निळा भाग सोडियमच्या पिवळ्यापेक्षा हवेच्या रेणूंकडून जवळपास तिप्पट विखुरला जातो. शहरावर रात्रभर तरंगणारा उजेडाचा घुमट त्याने वाढतो, आणि हाच उजेड आपल्या आकाशातल्या चांदण्या खातो. कासच्या रस्त्याला लागून गाव मागे पडलं की मागे वळून बघा, यवतेश्वराच्या कडेवर तो घुमट दिसतो.

घरी आल्यावर आईने एक नवीन काम लावून घेतलंय. मंगळवारी ती किल्ल्यावर जाते तेव्हा तटावर पाच मिनिटं थांबते आणि आल्यावर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिते, त्या दिवशी दिसलेला सगळ्यात लांबचा डोंगर कोणता. जानेवारीच्या पानावर बहुतेक चौकटींत 'जरंडेश्वर' आहे. एका चौकटीत 'किल्ल्याखालची घरं बी न्हाईत'. आणि महिनाअखेरीस, अवकाळी पावसाच्या दुसऱ्या दिवशी, दोनदा गिरवून लिहिलंय, 'वंदन. चंदन पण.'