'पेज दुरुस्ती'ची पार्श्वभूमी : फुटबॉलच्या मैदानातून न्यायासनावर गेलेले ॲलन पेज

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची घटना 1857 सालची आहे. शाळांविषयीच्या कलमात ती विधिमंडळाला सांगते, की सार्वजनिक शाळांची 'सर्वसाधारण आणि एकसमान' व्यवस्था उभारणं हे तुमचं कर्तव्य आहे. त्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हक्काचा शब्द मात्र त्या कलमात कुठेच नाही. जानेवारी 2020 मध्ये दोन माणसांनी हे कलम बदलण्याचा प्रस्ताव मांडला. दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क आहे, असं घटनेतच लिहा, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांतले एक मिनीॲपोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष, भारतीय वंशाचे नील कश्कारी. दुसरे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ॲलन पेज. प्रस्तावाला लोकांनी नाव दिलं ते 'पेज दुरुस्ती'.

अमेरिकी फुटबॉल पाहणाऱ्या कोणत्याही जुन्या माणसाला ॲलन पेज हे नाव सांगा, तो न्यायालयाचा विचारही करणार नाही. त्याच्या डोळ्यांसमोर येईल जांभळ्या जर्सीतला 88 नंबर. खेळाडूच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्याला आपण सहज 'दुसरी इनिंग' म्हणतो. पेज यांच्या बाबतीत हा शब्द मला चुकीचा वाटतो. वकील व्हायचं हे त्यांनी फुटबॉल खेळायला लागण्याच्या कितीतरी आधी ठरवलं होतं. खेळ मधे आला, पंधरा वर्षं राहिला आणि त्या वर्षांतही कायदा त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

जन्म 7 ऑगस्ट 1945, ओहायो राज्यातल्या कॅन्टनचा. पोलाद कारखान्यांचं गाव. तिथल्या कृष्णवर्णीय मुलाची वाट बहुतेक ठरलेलीच असायची : शाळा संपवायची आणि भट्टीवर कामाला लागायचं. काम कष्टाचं, धोक्याचं, आणि उद्या आजच्यापेक्षा वेगळा असेल अशी आशा नाही. ॲलनच्या आईवडिलांचा शिकण्यावर फार भर. ॲलन तेरा वर्षांचा असताना आई गेली. 1954 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा ॲलन आठ वर्षांचा होता. न्यायालयाच्या एका कागदाने देशातल्या शाळांची दारं उघडू शकतात, हे त्या वयात मनावर कोरलं जाणं साहजिक आहे. चौथीत असल्यापासून त्याला वकील व्हायचं होतं, आणि टीव्हीवरच्या पेरी मेसन या वकिलाचाही त्यात थोडा वाटा होता.

याच कॅन्टनमध्ये व्यावसायिक फुटबॉलचं 'हॉल ऑफ फेम' आहे, म्हणजे या खेळातल्या थोरांचं स्मृतिभवन. 1963 साली ते उघडलं. त्याच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्यांत नुकताच शाळा संपवलेला ॲलन होता. पंचवीस वर्षांनी, 1988 मध्ये, त्याच इमारतीत त्याचा अर्धपुतळा बसला. कादंबरीकाराने असा योगायोग लिहिला असता तर आपण त्याला नावं ठेवली असती.

नोत्र दाम विद्यापीठाच्या ज्या संघाने 1966 चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्यात तो होता. 1967 मध्ये राज्यशास्त्राची पदवी हाती आली आणि त्याच वर्षी एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत मिनेसोटा व्हायकिंग्जने पहिल्या फेरीत, एकूण पंधराव्या क्रमांकावर त्याला घेतलं.

पेज यांची जागा होती डिफेन्सिव्ह टॅकलची. हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर उभे राहतात. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. क्वार्टरबॅक चेंडू हातात घेतो आणि त्याच्यापुढे धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते. डिफेन्सिव्ह टॅकलने ती भिंत फोडायची आणि चेंडू सुटायच्या आत क्वार्टरबॅकला लोळवायचं. हे काम बहुतेक वजनाच्या आणि ताकदीच्या जोरावर होतं. पेज यांनी ते वेगाच्या जोरावर केलं. त्यांचं वजन होतं 110 किलोच्या आसपास. आज त्या जागेवरचे खेळाडू सर्रास 135 किलोंच्या पुढे असतात. चेंडू हलला की समोरचा सावरायच्या आत पेज त्याच्या बाजूने निसटलेले असायचे.

कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज या चौघांच्या फळीला 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणत. तेव्हा व्हायकिंग्जचं घरचं मैदान उघडं होतं, मिनेसोटाचा हिवाळा हाडं गोठवणारा, आणि प्रशिक्षक बड ग्रँट यांनी मैदानाच्या कडेला शेगड्या ठेवायलाही मनाई केलेली. पाहुणा संघ कुडकुडायचा आणि समोरून हे चौघे चालून यायचे.

1971 चा मोसम पेज यांचा. त्या वर्षी असोसिएटेड प्रेसने त्यांना लीगमधला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरवलं. हा मान तोवर एकाही बचावपटूला मिळाला नव्हता आणि त्यानंतर तो मिळवणारा बचावपटू एकच, 1986 मधला लॉरेन्स टेलर. क्वार्टरबॅकच्या मालकीची असल्यासारखी ही यादी आहे. त्यात एकदा, 1982 साली, चेंडूला लाथ मारण्यापुरता मैदानात येणारा किकरसुद्धा येऊन गेला, पण बचावपटू दोनच. नऊ वेळा प्रो बोल, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना, आणि सलग 218 सामने एकही न चुकवता. व्हायकिंग्ज चारदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि चारही वेळा हरले : कॅन्सस सिटी, मायामी, पिट्सबर्ग, ओकलंड. मिनेसोटात अजूनही हा विषय निघाला की लोक हळहळतात. पेज यांच्या मुलाखती वाचल्या तर त्या पराभवांची ठसठस त्यांच्या बोलण्यात फारशी आढळत नाही.

पेज यांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग मैदानाबाहेर घडला. त्या काळी खेळाडूचा करार संपला तरी तो खऱ्या अर्थाने मोकळा होत नसे. लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, पीट रोझेल यांच्या नावाने एक नियम होता. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला, तर त्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि दोघांचं जमलं नाही तर ती भरपाई कमिशनर ठरवणार. भरपाई म्हणून आपला कोणता खेळाडू जाईल याचा भरवसा नसल्याने कुणी नव्या खेळाडूला हात लावायला धजत नसे. पेज खेळाडूंच्या संघटनेत सहकाऱ्यांचे प्रतिनिधी होते, काही वर्षं कार्यकारिणीवरही होते. 1974 मध्ये खेळाडू संपावर गेले, तेव्हा घोषणा होती 'स्वातंत्र्य नाही तर फुटबॉल नाही'. संप मोडला. पण संघटनेचे अध्यक्ष जॉन मॅकी आणि इतर खेळाडूंनी रोझेल नियमाविरुद्ध लीगवर खटला भरला होता, आणि फिर्यादींमध्ये पेज होते. हा खटला मिनेसोटातल्याच संघीय न्यायालयात चालला. 1975 च्या अखेरीस न्यायाधीशांनी तो नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरवला आणि पुढल्या वर्षी अपील न्यायालयानेही खेळाडूंचीच बाजू मुख्यतः उचलून धरली.

मॅकी यांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. त्यांचाही नंबर 88 होता. उतारवयात त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठलं. त्यांच्या पत्नीने लीगला लिहिलेल्या पत्रामुळे 2007 मध्ये अशा आजारी माजी खेळाडूंच्या देखभालीसाठी योजना सुरू झाली, तिचं नाव '88 प्लॅन'. 2011 मध्ये मॅकी गेले. वारंवार डोक्याला बसणाऱ्या माराशी जोडला जाणारा मेंदूचा आजार त्यांना होता, हे नंतरच्या तपासणीत दिसलं. एकाच खटल्यातले, एकाच नंबरचे हे दोन फिर्यादी. पंधरा वर्षं फळीत धडका घेऊनही पेज यांना पुढची चाळीस वर्षं बुद्धीचं काम करता आलं. त्यात त्यांच्या शिस्तीचा भाग असेल, नशिबाचाही आहे, आणि मॅकींची आठवण ठेवल्याशिवाय पेज यांची यशोगाथा सांगू नये असं मला मनापासून वाटतं.

कायद्याकडे जाण्याचा पेज यांचा पहिला प्रयत्न फसला होता. व्यावसायिक खेळाडू झाल्यावर लगेच त्यांनी विधी महाविद्यालयात नाव घातलं आणि तीन आठवड्यांत सोडलं. 1975 मध्ये ते पुन्हा गेले, या वेळी मिनेसोटा विद्यापीठात, आणि 1978 मध्ये पदवी घेऊनच बाहेर पडले. या सगळ्या काळात रविवारी सामना होताच.

त्याच सुमारास त्यांना धावण्याचं वेड लागलं. पत्नी डायान सिगारेट सोडण्यासाठी पळायला लागल्या, तेही सोबत निघाले. वजन उतरत गेलं. बड ग्रँट यांना ते पटेना. 1978 च्या मोसमाच्या मध्यात, खेळाचा दर्जा घसरला म्हणून, व्हायकिंग्जने आपल्या सर्वांत मोठ्या बचावपटूला सोडून दिलं. शिकागो बेअर्सने त्याला उचललं ते नियमानुसारच्या 100 डॉलरांत. त्या 100 डॉलरांत बेअर्सला साडेतीनहून अधिक मोसम मिळाले. 1979 मध्ये पेज यांनी डुलुथ इथली ग्रँडमाज मॅरेथॉन पूर्ण केली. खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारे ते एनएफएलचे पहिले खेळाडू. मोसम संपला की मिनीॲपोलिसच्या एका वकिली फर्ममध्ये कामाला जात. 1981 च्या मोसमानंतर हेल्मेट ठेवलं, तेव्हा उद्या काय करायचं हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

पुढे राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात सरकारी वकील म्हणून त्यांनी काम केलं. 1988 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश झाला. अशा वेळी खेळाडू आपली ओळख करून द्यायला प्रशिक्षकाला किंवा जुन्या सहकाऱ्याला बोलावतात. पेज यांनी बोलावलं मिनीॲपोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलरीन बीझली यांना. भाषणाचा भर शिक्षणावर होता. त्यामागे एक जुना अनुभव होता : संघाच्या बैठकीत डावपेचांची वही मोठ्याने वाचायची वेळ आली, तेव्हा महाविद्यालयातून आलेल्या काही सहकाऱ्यांना ती वाचताच येत नव्हती. त्यांना कोणी थांबवलं नव्हतं, कारण ते मैदानात उपयोगी होते. त्याच वर्षी पेज पतिपत्नींनी शिष्यवृत्ती देणारी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केली. तिची अट मला फार आवडते. मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याने लहान मुलांबरोबर ठरावीक तास काम करायचं, त्यांना शिकवायचं. पैसे घेणारा पोरगा दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी दादा होतो.

न्यायासनापर्यंतची वाटही सरळ नव्हती. मिनेसोटात न्यायाधीश निवडणुकीने येतात, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात विद्यमान न्यायाधीश मुदतीच्या मधेच पायउतार होतात, गव्हर्नर नवा नेमतात आणि निवडणूक नावापुरती उरते. 1992 मध्ये एका न्यायमूर्तींची मुदत संपत होती. पेज उभे राहायच्या तयारीत असताना गव्हर्नरांनी ती मुदतच वाढवून दिली. पेज कोर्टात गेले. ज्या न्यायालयात जागा हवी होती, त्याच न्यायालयापुढे प्रकरण. नियमित न्यायमूर्ती बाजूला झाले, निवृत्त न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि निवडणूक घ्या असा निकाल आला. पेज जिंकले. जानेवारी 1993 मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती बसला. त्यानंतर 1998, 2004, 2010 मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडलं.

तिथल्या पहिल्याच वर्षात शिक्षणाचा एक मोठा खटला आला. शाळांना निधी वाटण्यातल्या असमानतेविरुद्ध काही जिल्ह्यांनी दावा केला होता. बहुमताने मान्य केलं की राज्यघटनेनुसार शिक्षण हा मूलभूत हक्क ठरतो, पण निधीची पद्धत कायम ठेवली. पेज यांनी असहमती नोंदवली. अमेरिकेच्या संघीय घटनेत शिक्षणाचा शब्दच नाही आणि 1973 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो मूलभूत हक्क मानायला नकार दिला, म्हणून सगळा भार राज्यांच्या घटनांवर येतो. आपल्याकडे 2002 च्या घटनादुरुस्तीने कलम 21-अ आलं. तिथे असं काहीच नाही.

सत्तरीला सक्तीची निवृत्ती असल्याने ऑगस्ट 2015 मध्ये पेज पायउतार झाले. 2017 मध्ये मिनीॲपोलिसच्या एका शाळेला त्यांचं नाव मिळालं. त्याआधी तिला अलेक्झांडर रॅम्सी यांचं नाव होतं, 1862 मध्ये डकोटा या मूलनिवासी लोकांचा नायनाट करा म्हणणारे गव्हर्नर. नाव बदलण्याची मोहीम मुलांनी चालवली. पेज आणि डायान यांनी गुलामगिरीच्या आणि वंशभेदाच्या काळातल्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या होत्या : गुलामांनी भाजलेली वीट, 'फक्त काळ्यांसाठी' अशा पाट्या, लिंकनच्या अंत्ययात्रेच्या वेळचा फलक. 2018 च्या सुरुवातीला, सुपर बोल मिनीॲपोलिसला होणार होता त्या दिवसांत, तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्या मांडल्या गेल्या. त्याच वर्षी डायान कर्करोगाने गेल्या. नोव्हेंबरमध्ये पेज यांना अध्यक्षीय स्वातंत्र्यपदक मिळालं.

शाळांमध्ये ते पुस्तक वाचून दाखवायला गेले की मुलांचं लक्ष आधी त्यांच्या करंगळीकडे जायचं. खेळताना निखळलेली ती करंगळी काटकोनात बाहेर वळलेली आहे. शिक्षिका असलेल्या मुलीसोबत त्यांनी या करंगळीवरच मुलांसाठी पुस्तक लिहिलं.

आणि मग 2020 चा प्रस्ताव. मिनेसोटा हे सुशिक्षित, सधन राज्य. पण गोऱ्या आणि इतर मुलांच्या शालेय प्रगतीतली तिथली दरी देशातल्या सर्वांत रुंद दऱ्यांपैकी. पेज यांचं म्हणणं असं, की व्यवस्था आहे का एवढंच विचारत राहिलो तर ही दरी बुजणार नाही, मूल शिकलं का हे विचारायचा अधिकार पालकाला हवा. शिक्षकांच्या राज्य संघटनेने विरोध केला. जुन्या कलमातली 'एकसमान' व्यवस्थेची हमी काढली तर सार्वजनिक पैसा खासगी शाळांकडे वळेल आणि शाळांचे निर्णय कोर्टात होऊ लागतील, ही त्यांची भीती. ती खोटी म्हणता येत नाही. पण 1993 च्या असहमतीपासून पेज एकच गोष्ट मागत आहेत, हेही विसरता येत नाही.

विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मान्यता दिली तरच प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो. तिथेही नियम कडक आहे. निवडणुकीत मत देणाऱ्या सगळ्यांच्या निम्म्याहून अधिक लोकांनी 'हो' म्हणावं लागतं, आणि तो प्रश्न कोरा सोडणाऱ्याचं मत 'नाही'त धरलं जातं.