अमेरिकेच्या विमानतळावर फोन तपासायला मागितला तर: कुणाचा हक्क किती, कागद कोणते

मुलांकडे निघालेल्या आई-बाबांच्या फाइलमध्ये पासपोर्ट, विमा, परतीचं तिकीट सगळं असतं. फोनचा विचार कुणी करत नाही. अमेरिकेच्या सीमेवर सीबीपीचा (तिथल्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा विभागाचा) अधिकारी वॉरंटशिवाय फोन, लॅपटॉप तपासू शकतो. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, म्हणून तपासणीही तिथेच होऊ शकते.

जानेवारी २०१८ च्या निर्देशानुसार तपासणी दोन प्रकारची. साध्या तपासणीत अधिकारी फोन हातात घेऊन चाळतो, त्यासाठी संशयाचीही गरज नाही. यंत्र जोडून डेटा उतरवून घ्यायचा असेल तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण, शिवाय वरिष्ठांची मंजुरी लागते. दोन्ही वेळा फोनचं नेटवर्क बंद हवं. क्लाउडवरचं बघता येत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा फोनमध्येच साठतात, हे विसरू नका.

पासकोड दिला नाही तर? अमेरिकी नागरिकाला त्यासाठी प्रवेश नाकारता येत नाही, फोन मात्र ठेवून घेतात. व्हिसावर आलेल्याला परतही पाठवू शकतात. म्हणजे आपल्या आई-बाबांच्या हाती फार काही नसतं, आणि हे मला मनापासून खटकतं. ग्रीनकार्डधारकांनी आधीच वकिलाशी बोलून ठेवावं.

फोन ठेवून घेतला तर ६०५१-डी क्रमांकाच्या फॉर्मची पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. त्यावरचं मॉडेल आणि सिरीयल नंबर जुळवून बघा. साधारण मुदत पाच दिवसांची, ती मंजुरीने वाढते. वारंवार अडवलं जात असेल तर ‘डीएचएस ट्रिप’ या अमेरिकी सरकारच्या प्रवासी तक्रार सेवेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, सोबत पासपोर्टची प्रत जोडावी.

खरी तयारी घरीच होते. आईचा फोन मी निघण्याआधी तिच्याशेजारी बसून आवरला. आधार-पॅनचे फोटो, एफडीच्या पावत्या, बाबांच्या अँजिओग्राफीचे रिपोर्ट आणि नोट्समध्ये चक्क एटीएमचा पिन! लागणारं क्लाउडवर ठेवलं, बाकी काढलं. उतरण्याआधी फोन पूर्ण बंद करायचा, म्हणजे पुन्हा सुरू केल्यावर नुसत्या बोटाने किंवा चेहऱ्याने उघडत नाही, पासकोडच लागतो. रांगेत उभं राहून घाईघाईने काही पुसू नका आणि विचारलेल्याला खोटं उत्तर देऊ नका. इंग्रजी कळत नसेल तर मराठी दुभाषी मागा, अंदाजाने मान डोलावू नका.