पार्श्वभूमी: नर्स घडल्या, मिडवाइफ मागे का राहिली?

डिसेंबर 2018 मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी, म्हणजे प्रशिक्षित सुईणीच्या, सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नर्सिंग झालेल्या आणि प्रसूतिकक्षाचा अनुभव असलेल्या परिचारिकेला आणखी 18 महिने शिकवून 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' करायचे, सरळ बाळंतपणे तिच्यावर सोपवायची आणि अडलेली डॉक्टरांकडे पाठवायची, अशी ही योजना आहे. मग आजवर 'जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी' हा नर्सिंगचा अभ्यासक्रम शिकलेल्या मुली नेमके काय शिकल्या, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर बरेच मागे जाऊन शोधावे लागते.

घरची बाळंतपणे सुईण करायची. तिच्यावाचून गावाचे अडत असे, पण तिला मान नव्हता. नाळ कापणे, वार पुरणे हा विटाळ. म्हणून बऱ्याच ठिकाणी हे काम खालच्या मानलेल्या जातींतल्या बायांवर टाकलेले. उच्चवर्णीय विधवा गरोदर राहिली तर तिला तोही आधार नसे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते अशा स्त्रियांसाठी.

1885 मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय मदत देण्यासाठी निधी उभा राहिला आणि 1886 मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी तिथे कामाची घडी बसवली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाला डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींच्या प्रबंधाचा विषयही हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र हाच होता. 1903 मध्ये लेडी कर्झन यांनी दायांच्या प्रशिक्षणासाठी वेगळा निधी काढला. या साऱ्या खटपटीत एक सूर कायम राहिला: बायका दगावतात त्या दाईच्या अडाणीपणामुळे. अस्वच्छतेने जीव जात होते हे खरेच. पण कोवळ्या वयातली बाळंतपणे, उपासमार आणि कोसभर अंतरात डॉक्टर नसणे, यांचाही दोष तिच्याच माथी गेला.

मला महत्त्वाचे वळण वाटते ते पुण्याच्या सेवासदनाचे. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली 1909 मध्ये उभ्या राहिलेल्या या संस्थेने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले. सोवळ्या घरांतल्या बाया रुग्णाला हात लावू लागल्या, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मात्र या कामाला प्रतिष्ठा मिळाली ती नर्सच्या गणवेशात आणि डॉक्टरच्या हाताखाली. सुईण त्या दाराबाहेरच राहिली.

पुढच्या कायद्यांनी हीच रचना पक्की केली. मुंबई इलाख्यात 1935 मध्ये नर्स आणि मिडवाइफ यांच्या नोंदणीचा कायदा आला, 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा. नोंदणीत नर्स आणि मिडवाइफ एकत्र आल्या आणि 'आरएनआरएम' (रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ) ही जोडअक्षरे रूढ झाली. प्रत्यक्षात पदे निघाली ती स्टाफ नर्सची. आज प्रसूतिकक्ष, उद्या सर्जिकल वॉर्ड, परवा अपघात विभाग. अशा फिरत्या ड्यूटीत बाळंतपणात हात मुरणार कसा?

देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने 1946 मध्ये देशात वर्षाला सुमारे दोन लाख माता दगावत असल्याचा अंदाज मांडला होता. त्यानंतर खेड्यांसाठी एएनएम, म्हणजे आपली नर्सबाई, आली. तिचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बाळंतपणाभोवती बांधलेला होता. 1973 च्या सरकारी कर्तारसिंग समितीने मात्र तिला बहुउद्देशीय, म्हणजे सगळी आरोग्यकामे करणारी, कर्मचारी करायला सुचवले. 1977 मध्ये अभ्यासक्रम 18 महिन्यांवर आला आणि त्यातली मिडवाइफरी नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर. लसीकरण, कुटुंबनियोजनाचे टार्गेट, रजिस्टरे यांतून उरलेल्या वेळात बाळंतपण! ज्यांनी स्वतः फार बाळंतपणे केली नाहीत, त्यांच्यातूनच पुढच्या शिक्षिका आल्या. मिडवाइफरीच्या शिक्षणाचे खरे नुकसान इथे झाले, असे माझे मत आहे.

2005 मध्ये दवाखान्यात बाळंत होणाऱ्यांना पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतिणी दवाखान्यांकडे वळल्या. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे 95 टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये झालेली दिसतात. राज्याचे मातामृत्यू प्रमाण 2018–20 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 33 पर्यंत उतरले. देशाचे तेव्हा 97 होते. यश मोठेच आहे. पण त्याच पाहणीत राज्यात चारांतले एक बाळंतपण सिझेरियनने झाल्याचे दिसते, आणि देशभरातल्या खासगी दवाखान्यांत तर जवळपास निम्मी.

दरम्यान हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाने 2011 मध्ये मिडवाइफ घडवण्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू केला होता. तेलंगणा सरकारने 2017 पासून हाच मार्ग धरला आणि 2018 च्या केंद्रीय धोरणाआधी हा अनुभव गाठीशी होता. त्या धोरणात मिडवाइफच्या आधी शिक्षिका तयार करण्यावर भर आहे, तो उगाच नाही. 2023 मध्ये 1947 चा कायदा बदलून राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. आयोगाच्या नावात मिडवाइफरी आली आहे; आता राज्यांनी तिच्यासाठी वेगळी पदे, वेगळी बढतीची वाट आणि प्रसूतिकक्षातून बदली न होण्याची हमी दिली, तरच मुली या शिक्षणाकडे करिअर म्हणून पाहतील.