ज्येष्ठांची बाह्यरुग्ण उपचारस्थळाची निवड : सोलापूर

दाखल न होता तपासणी, सल्ला व औषधे घेण्यासाठी साठीपुढील व्यक्ती कोणता दवाखाना निवडतात, यासंबंधीचा व्यवहार. ६० वर्षांची मर्यादा २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यातील. सवलतींसाठी मात्र ती ६५, ७० किंवा ७५ अशी सरकते.

अंतर वाढेल तसा रुग्णालयाचा वापर घटतो, असे एडवर्ड जार्व्हिस या अमेरिकन वैद्याने सु. १८५० मध्ये मनोरुग्णालयांत दाखल होणाऱ्यांच्या आकड्यांवरून मांडले. रोनाल्ड अँडरसन याच्या आरोग्यसेवांच्या वापराविषयीच्या प्रतिमानात (१९६८) पूर्वप्रवृत्ती (वय, शिक्षण, समजुती), साधने (पैसा, सोय) व गरज (आजार) हे घटक येतात. सोलापूरसाठी अँडरसनची मांडणी अधिक उपयोगी वाटते, कारण येथे अंतरापेक्षा साधनांचा प्रश्न मोठा आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढील व्यक्तींना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयात अर्धे तिकीट पडते. त्यामुळे अक्कलकोट किंवा मोहोळहून येणाऱ्या वृद्धाला स्वतःच्या भाड्यापेक्षा सोबत्याचे भाडे व त्याची बुडणारी मजुरी जड जाते. मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्धे तिकीट असल्याने मुलापेक्षा सून सोबत येणे स्वस्त, हाही हिशेब त्यात आला.

शहरात जुन्या नोकरीचा संबंध महत्त्वाचा ठरतो. राज्य कामगार विमा योजनेत (मूळ कायदा १९४८ चा) किमान पाच वर्षे विमेदार राहून वयोमानाने, स्वेच्छानिवृत्तीने वा मुदतपूर्व निवृत्त झालेल्या कामगारास वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा मिळते. गिरणी बंद पडून काम सुटलेला कामगार या शब्दरचनेत सरळ बसत नाही. कापडगिरण्यांच्या या शहरात ही बाब किरकोळ नव्हे. घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांची तरतूद वेगळी, १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्यातली.

विमा योजनांचा परिणाम सहसा जास्त धरला जातो. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी सुरुवातीला ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत सोलापूर होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. दोन्हींचा भर दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर असल्याने रक्तदाब-मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्या कार्डावर मिळत नाहीत. त्यांसाठी महापालिकेचा दवाखाना, नाहीतर ‘सिव्हिल’. सिव्हिल हे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या, आता डॉ. वैशंपायन यांच्या नावाने चालणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासूनची मोफत उपचारांची घोषणा सार्वजनिक आरोग्य विभागाची, तर वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे; त्यामुळे ती सिव्हिलला आपोआप लागू होत नाही. घोषणा ऐकून केसपेपरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याला हा फरक माहीत असण्याचे कारण नाही. सकाळची रांग, तपासण्यांसाठी दुसऱ्या दिवशीचे बोलावणे आणि जिने हे सोसत नसले, की गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरची फी परवडू लागते.

भाषेचा भाग उरतो. पूर्व भागातील विणकर वस्तीत तेलुगू, दक्षिणेकडील तालुक्यांत कन्नड घरची भाषा असल्याने दुखणे आपल्या बोलीत ऐकून घेणारा डॉक्टर पसंत केला जातो. पदवी त्यानंतर विचारली जाते.